सत्त्याऐंशी नंबरचा बिल्ला

किल्लीवालीचं दुकान साडेअकरा फूट लांब आणि सहा फूट रुंद. आत किल्ली कापायचं एक मशीन, किल्ली घट्ट पकडून ठेवायचा एक शिकंजा, भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि दाराजवळच्या उंच स्टुलावर तिचे वडील. वडिलांनी हे दुकान एकेचाळीस वर्षं चालवलं, गुडघ्यांनी साथ सोडल्यावर मुलीच्या हाती दिलं, आणि तेव्हापासून ते फक्त बघण्याचं काम करतात. ते काम मात्र पूर्ण वेळ करतात.

धंदा कशामुळे वाढला असं कोणी विचारलं, की तिचा नवरा पटकन बिल्ल्याचं नाव घेतो. बिल्ल्याचा वाटा होता हे खरं. पण घडलं त्याचा क्रम वेगळा आहे. आधी व्यापारी संघाच्या सभागृहात दोन दिवसांचा वर्ग झाला. 'छोट्या धंद्याची ओळख कशी घडवावी' असा विषय होता आणि ती नवऱ्याच्या आग्रहावरून, नाइलाजाने, मागच्या रांगेत जाऊन बसली होती. शिकवणारा माणूस बोलका होता. त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या तिने तिथेच सोडून दिल्या. दुकानाला घोषवाक्य हवं, रंगसंगती हवी वगैरे. दोन गोष्टी मात्र तिने वहीत उतरवून घेतल्या.

पहिली अशी की, आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाईक दुकानात आल्यावर जे पहिलं वाक्य बोलतं, ते जसंच्या तसं लिहून काढायचं. तिने काढलं. त्रेसष्ट वाक्यं जमली. दुकानावरच्या जुन्या पाटीवर लिहिलं होतं, 'सर्व प्रकारच्या कुलूप व किल्ल्यांची कामे केली जातील'. त्रेसष्टांपैकी एकानेही तसलं काही म्हटलं नव्हतं. एकेचाळीस जणांच्या पहिल्या वाक्यात 'दार' हा शब्द होता. तिने पाटी उतरवली आणि नवी लिहवून घेतली: 'दार उघडत नाही? इथे या.' त्या महिन्यापासून रस्त्याने जाणारी माणसं पाटी वाचून थांबू लागली. बिल्ला तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न. गिऱ्हाईक निघून गेल्यावर तुमचं काय त्याच्याजवळ उरतं? तिचा नवरा छापखान्यात काम करतो. हा प्रश्न ऐकून त्याला रात्रभर झोप लागली नाही, असं तो स्वतःच सांगतो. त्याच्या ओळखीच्या कोरीव काम करणाऱ्याकडून पितळेचे लंबगोल बिल्ले आले. एका बाजूला दुकानाचं नाव आणि फोन, दुसऱ्या बाजूला ठसठशीत आकडा. तोच आकडा तिच्या नोंदवहीत डाव्या पानावर, आणि त्यापुढे त्या किल्लीच्या खाचांची मापं. उजव्या पानावर गिऱ्हाईकाचा पत्ता, फोन आणि काही विशेष असेल तर शेरा. नवऱ्याने ओळ जुळवून दुकानात पाटी लावली: 'किल्ली हरवली? नंबर सांगा, तासाभरात नवी घ्या.'

सात महिन्यांत दोनशे बारा बिल्ले गेले. लोक किल्ल्यांचे जुडगे टेबलावर टाकताना बिल्ला वर येईल असे टाकू लागले. नंबर सांगून चौतीस जणांनी किल्ल्या करून नेल्या.

चौतिसावी मंगळवारी गेली.

अकराच्या सुमाराला फोन आला. "ताई, नंबर सत्त्याऐंशी. एक किल्ली हवी. बारापर्यंत येतो." आवाज सभ्य होता. तिने डावं पान उघडलं, मापं पाहिली, कोरी किल्ली मशीनला लावली. बाराला पाच कमी असताना इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आला, किल्ली उजेडात धरून पाहिली, म्हणाला, "फार छान सोय काढलीत तुम्ही," आणि गेला.

जेवणानंतर अडीच वाजता ती नोंदी पुऱ्या करायला बसली. सत्त्याऐंशीसमोर तारीख घातली आणि नजर सहज उजव्या पानावर गेली. तिथे तिच्याच अक्षरात होतं: 'निवृत्त शिक्षिका. दुसरा मजला. एकट्या. दोनच किल्ल्या, दोन्ही स्वतःजवळ. तिसरी कोणालाही नाही.' 'कोणालाही'च्या खाली तिनेच रेघ मारली होती.

पेन हातातच राहिलं.

"मघाचा तो कोण होता?" स्टुलावरून वडिलांनी विचारलं.

"गिऱ्हाईक."

"ते मलाही दिसलं. कोण होता?"

तिने शिक्षिकाबाईंना फोन लावला. तिकडून उचलायला बराच वेळ लागला.

"बाई, मी किल्लीवाली. तुमच्या किल्ल्या जवळ आहेत ना?"

"एक पर्समध्ये, एक डाळीच्या डब्यात. का गं?"

"आज कोणाला किल्ली करायला पाठवलं होतं?"

"कोण आलं होतं?"

"चाळिशीचे गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट."

"प्रत्येक गोष्टीला 'फार छान' म्हणतो?"

"हो."

"माझा पुतण्या. रविवारी येऊन गेला. जुडगा टेबलावर होता." बाईंचा आवाज वर्गात हजेरी घेताना असेल तसा सपाट झाला. "तू कुलूप कोणामुळे बदललं होतंस, आठवतं का तुला?"

तिला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी बाई स्वतः दुकानात आल्या होत्या. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या दवाखान्यात असताना पुतण्या घर बघायला म्हणून राहिला, आणि परत आल्यावर कपाट अर्धं रिकामं होतं. घराची कागदपत्रं त्याने 'नीट ठेवायला' नेली होती. ती परत मिळवायला बाईंना चार महिने लागले. म्हणून नवं कुलूप. ते बसवून झाल्यावर किल्लीवालीने हौसेने पितळी बिल्ला जोडून दिला होता. भेट म्हणून.

"बाई, दाराला आतून कडी घाला. मी येते."

"कडी तूच काढून नेलीस. नव्या कुलपाच्या आड येते म्हणालीस."

तिने पिशवी भरायला घेतली. कुलपाचा नवा गाभा, म्हणजे किल्ली जिच्यात फिरते ती पितळी नळी, दोन पेचकस, कानस, जुन्या डब्यातून शोधून काढलेली एक कडी. तेवढ्यात नवरा दुकानात शिरला. दुपारच्या सुट्टीत तो रोज येतो. वडिलांनी त्याला तीन वाक्यांत सगळं सांगितलं.

"किती जणांना माहीत आहे हे?" त्याने विचारलं.

"आपल्याला आणि बाईंना. बाईंना एवढंच कळलंय, की त्याने किल्ली केली. कशी केली, ते नाही."

"मग ते सांगायची गरज काय?" नवरा तिच्यासोबत दारापर्यंत आला. त्याच्या डोळ्यांत वाईटपणा नव्हता, घाई होती. "हे बघ, म्हणायचं की त्याने साबणावर ठसा घेऊन आणला. ठशावरून आपण किल्ली काढली, आपल्याला काय ठाऊक? दोष त्याचाच आहे, तो त्याच्याकडेच जाऊ दे. नंबरचं बाहेर गेलं तर दोनशे बारा घरांतून माणसं येऊन उभी राहतील. सात महिन्यांत जे नाव कमावलं ते सात दिवसांत जाईल."

"अहो, आधी दार बंद करू दे मला."

अकरा मिनिटांचा रस्ता तिने सात मिनिटांत कापला. वाटेत दुधाच्या दुकानाच्या काउंटरवर कोणाचा तरी जुडगा पडला होता. मालक आत काहीतरी मोजत होता. पिवळा बिल्ला वर. सहा फुटांवरून, चालता चालता, तिला आकडा वाचता आला. एकशे चाळीस. हा आकडा ठसठशीत हवा असा हट्ट तिनेच धरला होता.

बाईंनी दाराला खुर्ची लावून ठेवली होती. खुर्ची सरकवल्याचा आवाज, मग दार. बाई सत्तरीच्या, ताठ, चष्म्याची एक काच अजून हिरवट.

"कधी येईल तो?"

"दुपारी झोपते हे त्याला माहीत आहे. तीनला येईल."

तीनला बारा मिनिटं होती. तिने उंबऱ्यावर गुडघे टेकले आणि बाहेरच्या पट्टीचे चार स्क्रू काढायला घेतले. तिसरा घट्ट बसला होता. तिनेच आवळला होता.

"मला एक कळत नाही," बाई तिच्या डोक्यावर उभ्या राहून म्हणाल्या. "किल्ल्या तर दोन्ही घरात. त्याने तुला दाखवलं तरी काय?"

पेचकस स्क्रूच्या खाचेतून सटकला. ती खाली बघूनच बोलली. "साबणावर ठसा घेऊन आले होते."

बोलून झाल्याबरोबर तिला वाटलं, हे ठीक झालं. आणि लगेच दिसलं की झालेलं नाही. बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यासमोर बसून, माझ्याशी बोलत बोलत? मी चहा टाकायला आत गेले तेव्हा?" त्यांनी मागे वळून टेबलाकडे पाहिलं. "आणखी कशाकशाचे ठसे घेतले असतील मग? कपाटाची किल्लीसुद्धा त्याच जुडग्यात आहे."

किल्लीवालीने गाभा ओढून बाहेर काढला. दारात आता आरपार भोक होतं, आणि दार लोटलं तरी बंद राहणार नव्हतं. त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, घरचा माणूस येतो तशी.

पहिल्या मजल्यावर पावलं थांबली नाहीत.

बाई दारात आल्या. किल्लीवालीने नवी नळी भोकात बसवली, पट्टी वर धरली आणि पहिला स्क्रू लावला. जिन्याच्या वळणावर इस्त्रीचा शर्ट दिसला. त्याच्या हातात किल्ली होती, लख्ख नवी, तीन तासांपूर्वीची.

त्याने आधी काकूंकडे पाहिलं, मग उंबऱ्यावर गुडघे टेकलेल्या किल्लीवालीकडे. ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"अरे, तुम्ही," तो म्हणाला. "काकू, झोपला नाहीत आज?"

"तुझी वाट बघत होते."

"मी म्हटलं, एक किल्ली माझ्याकडे असावी. तुम्ही एकट्या. काही झालं तर दार फोडायचं का? चला, आत बसून बोलू."

तो पुढे आला. आत जायचं तर उंबरा ओलांडायचा, आणि उंबऱ्यात किल्लीवाली होती. तिने दुसरा स्क्रू लावला. ती हलली नाही. त्याचा बूट तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला.

"ताई, जरा वाट द्या."

"काम चालू आहे."

"मी पण त्याच कामासाठी आलोय," तो हसला. "किल्ली बसते का बघायला."

"साबणावर ठसे घेत फिरतोस," बाई म्हणाल्या, "आणि वर तोंड करून काळजीच्या गोष्टी करतोस."

तो खरोखर गोंधळला. "साबण? कसला साबण?" मग त्याने खाली पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं. "काकू, मी काही चोरून केलेलं नाही. यांना फोन केला, बिल्ल्यावरचा नंबर सांगितला, यांनी किल्ली हातात दिली. पाटी लावली आहे तशी दुकानात. विचारा त्यांना."

तिसरा स्क्रू अर्धा आत गेला होता. बाईंची नजर मानेवर पडल्यासारखी किल्लीवालीला जाणवली. तिने तिसरा आवळला, चौथा उचलला, तो बोटांतून निसटून जिन्यावर गेला आणि दोन पायऱ्या खाली जाऊन थांबला. पुतण्याने वाकून उचलला. हातात धरून उभा राहिला.

"द्या," ती म्हणाली.

"आत बोलून झालं की देतो."

ती उठली. पिशवीतून दुसरा स्क्रू घेतला, जुना, किंचित लांब, आणि पुन्हा बसून तोच पिळायला लागली. पितळ कुरकुरलं. शेवटचे दोन वेढे तिने दोन्ही हातांनी दिले. नवी किल्ली फिरवून पाहिली. कुलपाची जीभ बाहेर आली, आत गेली. मग ती दोन्ही किल्ल्या बाईंच्या तळहातावर ठेवून मागे सरली. बिल्ला नव्हता.

"काकू, मला तुमची काळजी वाटते," तो म्हणाला. आता आवाज तितका सभ्य नव्हता.

"तुझी काळजी मला झेपत नाही. जा."

तो हातातला स्क्रू खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून खाली गेला. किल्ली त्याने परत दिली नाही. तिची आता गरजही नव्हती.

किल्लीवालीने कडी बसवली. काम संपल्यावर बाईंनी विचारलं, "साबण कुठून आला गं?"

"मी खोटं बोलले."

"ते कळलं. सुचवलं कोणी?"

"बोलले मी."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आणखी किती जणांना अशा दिल्यास?"

"तुमची धरून चौतीस."

"नेणारे कोण होते?"

"नाही माहीत. फोन यायचा, नंबर सांगायचे."

"मग इथे काय करतेस?"

ती दुकानात पोचली तेव्हा चार वाजले होते. नवरा छापखान्यात परत गेला नव्हता. त्याने कागदावर काहीतरी लिहून ठेवलं होतं: 'मोफत कुलूप तपासणी सप्ताह'. कल्पना वाईट नव्हती. घरोघर जायचं, तेल घालायचं, आणि बोलता बोलता विचारायचं, परवा किल्ली केलीत ती तुम्हीच ना. ज्याला माहीत नसेल त्याचं कुलूप गुपचूप बदलायचं. कोणाला शंका येणार नाही. वर जाहिरात होईल.

"मी आज एकदा हे करून आले," ती म्हणाली. "तीन मिनिटं टिकलं."

तिने दोघांना जिन्यावरची हकीकत सांगितली. वडील ऐकत होते. नवऱ्याला वाटलं, म्हातारा आता 'मी सांगत होतो' म्हणणार. पण ते म्हणाले, "मीसुद्धा दिली असती. माझ्या काळात कुलूप नाहीतर किल्ली, काहीतरी आणल्याशिवाय मी मशीन लावायचो नाही. शहाणपण नव्हतं ते. मापं लिहून ठेवायचा कंटाळा."

मग सूचनेचा मसुदा झाला. या एका कागदावरून नवरा-बायकोचं जितकं वाजलं, तितकं लग्नापासून वाजलं नव्हतं. त्याला हवं होतं, 'सुरक्षेच्या कारणास्तव नंबर सेवा स्थगित'. "एवढंच पुरे. खोटं काही नाही त्यात."

"कोणाच्या सुरक्षेच्या? आणि स्थगित म्हणजे पुन्हा सुरू होणार का?"

"अगं, सगळेच असं लिहितात."

"म्हणूनच कोणी वाचत नाही. त्रेसष्ट माणसांनी कसं बोलायचं ते मला शिकवलंय. त्यांच्यात स्थगित कोणी म्हटलं नव्हतं."

शेवटी तिने लिहिलं, त्याने मोठ्या अक्षरांत उतरवलं: 'या दुकानात नंबर सांगून किल्ली मिळत होती. नंबर कोणीही वाचू शकतो, हे आमच्या लक्षात आलं नाही. चूक आमची आहे. आता नंबरवर किल्ली मिळणार नाही. ज्यांच्या नंबरवर किल्ली गेली, त्यांना आम्ही आजच विचारत आहोत. शंका वाटली तर कुलूप आम्ही बदलून देऊ.' 'चूक आमची आहे' लिहिताना त्याचा हात थांबला होता. पण त्याने अक्षर बारीक केलं नाही.

नोंदवहीच्या डाव्या पानांवरचा मापांचा रकाना तिने पट्टी लावून ब्लेडने कापून काढला. बिल्ले लोकांच्या जुडग्यात राहिले तरी आता ते नुसतं पितळ होतं. राहिले तेहतीस फोन.

वाक्य तिने ठरवून घेतलं होतं. "मी किल्लीवाली. तुमच्या नंबरवर अमुक तारखेला एक किल्ली गेली. ती तुम्ही नेलीत का, एवढं विचारायचं आहे. मी तेव्हा माणूस ओळखून घेतला नव्हता." पंचवीस जणांनी स्वतः नेली होती. त्यातले काही हसले. दोघांनी दुकानाशी संबंध संपला असं सांगितलं. एकाने शिव्या दिल्या, आणि शिव्या देऊन झाल्यावर पुन्हा फोन करून, बरं झालं विचारलंत, असंही म्हणाला. सात घरांत कोणाला काही आठवेना. तिथे ती फोन धरून बसली. आतून आवाज यायचे, "अहो, तुम्ही केली होती का किल्ली? नाही? मग कोणी? ए, इकडे ये आधी." प्रत्येक वेळी, कोणीतरी "मी, मी" म्हणेपर्यंत, तिचा अंगठा नोंदवहीच्या कडेवर दाबलेला असायचा. सातही घरांत शेवटी कोणीतरी निघालं.

एकशे बावन्न नंबरने फोन उचलला नाही. साडेसहाला नाही, सातला नाही, आठला नाही. उजव्या पानावर पत्ता होता: गोदामामागची नवी इमारत, तळमजला, नवरा-बायको आणि लहान मूल. किल्ली नऊ दिवसांपूर्वी गेली होती.

सकाळी साडेसातला ती पिशवी घेऊन त्या दारात उभी होती. कुलूप तिनेच बसवलेलं. दारावर ओरखडा नव्हता. किल्लीने उघडलेल्या दारावर नसतोच. तिने घंटी वाजवली. काही नाही. दुसऱ्यांदा वाजवल्यावर आतून मूल रडलं, आणि अर्धी दाढी केलेल्या एका माणसाने दार उघडलं.

तिने ठरलेलं वाक्य म्हटलं.

"हो, मीच नेली," तो म्हणाला. "बायकोची हरवली होती. फोन कालपासून बंद पडलाय. एवढ्यासाठी सकाळी सकाळी?"

"एवढ्यासाठीच."

तो वळणार होता, पण थांबला. साबणाचा फेस त्याच्या गालावर वाळत होता. "म्हणजे माझ्याऐवजी दुसरं कोणी आलं असतं, तर त्यालाही दिली असतीत?"

"हो."

"आणि हे तुम्ही स्वतः येऊन सांगताय."

"एका घरी तसं घडलं. काल."

माणसाने दाराकडे पाहिलं, कुलपाकडे, मग तिच्या पिशवीकडे. "मग आम्ही तुमच्याकडे यायचं तरी कशाला?"

रात्री तिने सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती. हा त्यांत नव्हता. नवऱ्याला विचारलं असतं तर त्याने चांगलं उत्तर काढून दिलं असतं.

"ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "बदलून हवं असेल तर सामान आणलंय. नको असेल तर मी जाते. दुसऱ्या कोणाकडून बदलून घेतलंत तरी चालेल. पण हरवलेली किल्ली सापडली नसेल, तर बदलून घ्या."

आतून बायकोने विचारलं, कोण आहे.

"किल्लीवाल्या ताई आहेत," तो आत वळून म्हणाला. "थांबा जरा. तिला विचारतो."

दार त्याने लोटून घेतलं, पण लावलं नाही. ती पिशवी खाली न ठेवता उभी राहिली.